खुडूक

३ जानेवारी

शहरातल्या कारखान्यातून फोन आला. मला घेतलं आहे. चोरघंट्या, आगीच्या घंट्या, दाराच्या घंट्या, माणसाला दचकवणारं जे जे म्हणून आहे ते सगळं तिथे तयार होतं, आणि मी तपासणी विभागात बसायचं आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला रुजू व्हा म्हणाले. मी लगेच "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, "घरी विचारून सांगते" म्हणायला हवं होतं.

आई तेव्हा पिल्लांच्या शेडमध्ये भुसा पसरत होती. हातातलं घमेलं टाकून ती तडक भिंतीपाशी गेली आणि पलीकडे राहणाऱ्या मावशीला ओरडून म्हणाली, "अगं ए, ऐकलंस का? आपल्या घरातलं माणूस टेबलाशी बसून पगार घेणार!" मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. तिने तिकडून विचारलं, "टेबलाशी बसून करणार काय पण?" आई म्हणाली, "ते तुला सांगून काय कळणार!" आईलाही कळलेलं नव्हतं, पण तिचा थाट असा होता की कारखाना तिनेच काढला आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नाही. त्यामुळे मला काही जमलं की ते सगळ्यांनाच जमल्यासारखं होतं, आणि चुकलं की ते माझं एकटीचं. (हे बरोबर लिहिलं नाही. चुकल्यावर मला घरात कुणी कधी बोललेलं नाही. बोलतील असं मीच धरून चालते.)

अडचण अशी की परवा नवी पिल्लं येणार. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं म्हणजे कापसाचे गोळे. पहिले काही आठवडे त्यांना दिव्यांची ऊब लागते. वीज गेली की दिवे विझतात, आणि कुणी उठून शेगडी पेटवली नाही तर सकाळी पिल्लं माना टाकलेली सापडतात. म्हणून दर थंडीत आई आणि मी शेडमधल्या खाटेवर पाळीपाळीने झोपतो. बाबा लॉरीवर असतात, घरी येतात ते पाहुण्यासारखे. मी गेले की आई रोज एकटी. आणि आईची झोप अशी की उशाशी भांडी घासली तरी कूस बदलायची नाही.

तेव्हा ठरवलं, गारठा पडला की वाजेल असा अलार्म तयार करायचा. त्याने आईला जाग येते अशी माझी खात्री झाली तर जायचं, नाहीतर कारखान्याला नाही कळवायचं. आईला तसं स्पष्ट सांगितलं. ती "बरं" म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

५ जानेवारी

पिल्लं आली. खोकी उघडली की प्रत्येक वेळी मला वाटतं, एवढ्याशा जिवांत एवढा आवाज मावतो कुठे.

अलार्मचं सामान बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडून आणलं. आठ पायांच्या बारक्या चिपांचे दोन टायमर, छोटा स्पीकर, बॅटरी, आणि गारठा ओळखणारा एक मणी. मी शेडच्या दाराशी बसून जोडत होते. आई आणि मावशी समोर बसल्या आणि म्हणाल्या, आम्हाला समजाव.

मी म्हणाले, "समज, नळाखाली बादली आहे. बादली पाऊण भरत आली की हा टायमर खालचं बूच काढतो. पाणी उतरत तळाकडे गेलं की बूच परत लावतो. पुन्हा भरते, पुन्हा उतरते. बादलीच्या जागी हा बारका कपॅसिटर, पाण्याच्या जागी वीज. प्रत्येक भरण्या-उतरण्याला स्पीकरचा कागद एकदा पुढे-मागे होतो. असं एका सेकंदात हजारो वेळा झालं की आपल्याला शिट्टी ऐकू येते." (पाऊण नव्हे, दोन तृतीयांश. आईला सोपं जावं म्हणून पाऊण म्हटलं. तेव्हापासून रुखरुख लागली आहे.)

आई म्हणाली, "भरायचं नि ओतायचं, भरायचं नि ओतायचं. माझा सगळा जन्म त्यातच गेला, पण मी नाही कधी वाजले."

मावशी म्हणाली, "तू नाही वाजत? भिंतीच्या अलीकडे येऊन ऐक एकदा!"

दुसरा टायमर कशाला, तर तो संथ आहे. त्याचं काम पहिल्याला गप्प करायचं आणि पुन्हा बोलतं करायचं. म्हणून आवाज सलग न येता टीं, टीं असा तुटक येतो. आई म्हणाली, "म्हणजे एक मी नि एक तुझे बाबा." मी म्हणाले, बाबा तुला गप्प करतात हे मी अजून पाहिलेलं नाही. त्यावर दोघी बहिणी एवढ्या हसल्या की पिल्लं क्षणभर चिडीचूप झाली.

मणी गार झाला की टायमरचा दाबून धरलेला पाय सुटतो आणि टायमर चालू होतो. "थोडक्यात," मी म्हणाले, "शेडला थंडी वाजली की हा वाजणार." आई म्हणाली, "थंडी वाजते वाजते म्हणत म्हातारी झाले. कशी वाजते ते आता ऐकेन."

७ जानेवारी

पहिली चाचणी. आवाज तीक्ष्ण आहे, कानात टाचणी जावी तसा. मला अभिमान वाटला.

दुपारी जेवणानंतर आई शेडमधल्या खाटेवर लवंडली. ती झोपल्यावर मी ओल्या गार फडक्याने मणी धरला. अलार्म लागला. टीं, टीं, टीं. आई हलली नाही. मी मोठ्याने खोकले, तरी नाही. शेवटी मीच बंद केला आणि तिला हलवून उठवलं.

"ऐकलं की मी," ती म्हणाली. "मुद्दाम डोळे मिटून पडले होते. म्हटलं बघू, किती वेळ वाजतो."

"आई, तू घोरत होतीस."

"डोळे मिटले की तसा श्वास येतो माझा."

मला तिच्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण जागा माणूस घोरू शकतो का, हे कुणाला तरी विचारलं पाहिजे.

८ जानेवारी

रात्रभर विचार केला. वाटलं, अलार्म उशिरा वाजतो हीच चूक असेल. थोडा आधीच वाजू दे, म्हणजे आईला उठायला अवधी मिळेल. म्हणून मणी किती गार झाला की वाजायचं, ती पातळी वर चढवली. आता दार उघडलं की वाजतो. खिडकी किलकिली केली की वाजतो. आई पाण्याचं भांडं घेऊन त्याच्या शेजारून गेली तरी वाजला. मावशी भिंतीवरून म्हणाली, "तुझ्यावर गेलंय गं यंत्र. काही झालं नाही तरी आधीच घाबरतंय."

९ जानेवारी

आज सकाळपर्यंत अलार्म एकदाही वाजला नाही. आई म्हणाली, "बघ, शहाणा झाला." मला शंका आली. उघडून पाहिलं तर स्पीकरच्या तोंडात चिंधी कोंबलेली, आमच्या जुन्या अभ्र्याची. उंदरांचं काम असणार, दाण्यांच्या पोत्यांमागे त्यांची वस्ती आहेच. नवल एवढंच की चिंधी चौकोनी घडी घालून बसवली होती. उंदीर इतके व्यवस्थित असतात हे मला माहीत नव्हतं. डब्याला जाळी बसवली. पातळी होती तिथे परत आणली.

आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मेले फार माजलेत," आणि घाईने आत गेली.

पण मूळ प्रश्न आहे तिथेच आहे. संध्याकाळी अलार्म चालू करून मी अंगणात उभी राहिले. काही वेळाने मलाच कळेना, यातला अलार्म कोणता आणि पिल्लं कोणती. दोघांचा सूर एकच! एवढ्या टींटींमध्ये आणखी एक टीं. आई काय, मीही उठले नसते. माझं मीच जोडलेलं, माझं मलाच ऐकू आलं नाही. कॉलेजात सगळं शांत खोलीत तपासायचो.

११ जानेवारी

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आवाज जाड कर. बादली मोठी घे, भरायला वेळ लागेल." हे मलाही माहीत होतं, पण दुसऱ्याने म्हटल्यावर धीर येतो. दहापट मोठा कपॅसिटर लावला. शिट्टी गेली आणि घूंऽऽ असा आवाज आला.

आई म्हणाली, "अगं, ही तर बाबांची लॉरी. हे ऐकलं तर मी आणखी निर्धास्त झोपेन. म्हणेन, आले एकदाचे."

तेही खरंच. मग संथ टायमरला जरा पळवलं, म्हणजे घूंचे बारीक बारीक तुकडे पडतील. चालू केल्यावर स्पीकरमधून आलं: कुक्, कुक्, कुक्, कुक्.

आईच्या हातातलं दाण्यांचं माप खाली पडलं. "अगं बाई! खुडूक!"

मला शब्द माहीत होता. अंड्यांवर बसायची ओढ लागलेली कोंबडी म्हणजे खुडूक. पण ती कशी बोलते हे मी कधी ऐकलेलं नाही. आमच्याकडे पिल्लं खोक्यांतून येतात, त्यांच्याबरोबर आई येत नाही. आई म्हणाली, ती लहान असताना घरात खऱ्या कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडी पिल्लं निघाल्यावर अशीच बोलायची. मग तिने जीभ टाळूला लावून तोच आवाज काढून दाखवला. माझ्या टायमरपेक्षा चांगला काढला. मावशीनेही पलीकडून काढला. बराच वेळ भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रौढ बायका कुक् कुक् करत होत्या. मला वाटलं, रस्त्यावरून कुणी जात नसलं म्हणजे मिळवली.

दुपारी चाचणी घेतली. आई पहिल्या काही कुक्मध्येच उठून बसली. या वेळी खरोखर झोपली होती, मी खाली वाकून पाहिलं होतं.

मी जाऊ शकते. हे वाक्य लिहून खूप वेळ तसंच बघत बसले.

१३ जानेवारी

लिहायला हात धजत नाही.

पहाटे वीज गेली. अलार्म वाजला, आई उठली, शेगडी पेटवली. सगळं ठरल्याप्रमाणे. उजेडात पाहिलं तर दाराशेजारच्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. एकावर एक, एकावर एक. स्पीकर तिथे दाराच्या चौकटीला लावलेला आहे. आईने दोन्ही हातांनी ढीग मोकळा केला. खालची पिल्लं चिरडून दगावली होती. ऊब शेडच्या मध्यावर, आणि ती त्या गार कोपऱ्यात का गेली, कळत नाही.

आई म्हणाली, "माझीच चूक. उठताना दार लोटलं नाही, वारं आत आलं. त्याला घाबरून दडली कोपऱ्यात."

पण वारा ज्या दारातून येतो त्याच दाराकडे पिल्लं का धावतील? मी असं म्हटल्यावर ती म्हणाली, "घाबरलेल्याला दिशा कळते का?" आणि मेलेली पिल्लं टोपलीत घालून, वर फडकं टाकून, ती मागच्या बाजूला घेऊन गेली. मला येऊ दिलं नाही.

माझ्याच्याने हे होणार नाही. ज्याला घरची पिल्लं राखता आली नाहीत त्याने दुसऱ्यांच्या आगीच्या घंट्या काय तपासाव्या! कारखान्याला आजच नाही कळवणार होते. फोन बंद पडला होता आणि चार्जर कुठेच सापडला नाही. सगळं घर पालथं घातलं. आईही शोधत होती, म्हणजे दाण्यांच्या पोत्यावर बसून "तिकडे बघ, तिकडे बघ" म्हणत होती. कंबर धरली आहे म्हणाली, उठवत नाही म्हणाली.

१४ जानेवारी

चार्जर सापडला, पोत्यांच्या फटीत. आईची कंबरही बरी आहे.

पण फोन केला नाही. कारण असं झालं की अलार्म काढून टाकायच्या आधी एकदा, फक्त तो बिघडलेला नाही ना हे पाहायला, मी मणी गार केला. दिवे चालू होते, शेड उबदार होती, दार बंद होतं. कुक्, कुक्, कुक्. आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळी शेड दाराकडे वाहत आली. दाणे सोडून, पाणी सोडून, दिव्याखालची ऊब सोडून. चौकटीखाली जमून माना वर करून बघू लागली.

मी बंद केलं. ती पांगली. पुन्हा चालू केलं. पुन्हा आली.

आईला हाक मारली. तिने पाहिलं आणि ती माझ्याशेजारी भुशात बसली. "हाक ऐकू आली म्हणून गेली ती," ती हळूच म्हणाली. "वाऱ्याला नाही घाबरली."

म्हणजे चूक माझीच होती. आईला नव्हे, पिल्लांनाच मी बोलावून घेतलं होतं, आणि तेही गार कोपऱ्यात. मला रडू आलं. आईने तिच्या भुशाने भरलेल्या हातांनी माझं तोंड पुसलं, त्यामुळे मग शिंकाही आल्या.

"रडतेस काय," ती म्हणाली. "बोलावता आलं ना तुला? मग नीट जागी बोलाव."

१६ जानेवारी

दिवसभर दोघी राबलो. शेगडीची जागा शेडच्या मध्यावर. तिच्यावर ऊब खाली धरून ठेवणारी पत्र्याची मोठी छत्री. आधी होती तशीच, पण आता छत्रीच्या दांड्याला स्पीकर. भोवती पत्र्याचं गोल कडं, कारण कोपराच नसेल तर ढीग होणार नाही. हे कडं आईने सुचवलं. मग तिला वाटलं शेगडी कड्याबाहेर ठेवावी, पिल्लं भाजतील. मी म्हणाले, शेगडीला जाळी लावू. शेवटी जाळी लावली. झरोके उघडे ठेवायचं ठरलं, कोळशाचा धूर बाहेर जायला हवा.

मावशी बघायला आली. "तुमचं दोघींचं असं गोडीत चाललेलं बघवत नाही गं. कुणीतरी भांडा."

२० जानेवारी

काल बाबा आले. आज पहाटे उजाडता उजाडता वीज गेली.

आई शेडमध्ये, मी घरात. ठरलं होतं की मी जायचं नाही. आवाज आला, कुक्, कुक्. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. शेडमध्ये काहीच हालचाल नाही. मी चपला घातल्या. बाबा कधी उठले कळलं नाही. दारात पाट टाकून त्यावर बसले होते, चहाचा कप हातात.

"बाबा, सरका ना."

"चहा गरम आहे," ते म्हणाले.

"आई उठली नसेल."

"हं."

"बाबा!"

ते फुंकर घालत राहिले. एवढ्यात शेडच्या झरोक्यातून तांबूस उजेड दिसला. शेगडी पेटली होती. अलार्म थांबला, पण कुक् कुक् चालूच राहिलं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ती आई होती.

बाबांनी कप खाली ठेवला. "झालं," ते म्हणाले. "कधीची गाडी काढू?"

उजाडल्यावर पाहिलं. सगळी पिल्लं छत्रीखाली, गोल, एकमेकांना खेटून. एकही दगावलं नाही.

२४ जानेवारी

अलार्मला चाचणीचं बटण बसवलं, लाल. मण्याला गार न करता आवाज तपासता येतो. डब्यावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवलं: "चाचणी आठवड्यातून एकदाच. बॅटरी जपून वापरणे." खूप नीट काढली अक्षरं. आई म्हणाली, "किती सुंदर लिहितेस," आणि त्यावरून बोट फिरवलं. तेव्हा लक्षात आलं की हे मी कुणासाठी लिहिलं आहे. आईला वाचता येत नाही. मग तोंडी सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलंस ते कळलं. पण कागद काढू नको हं, राहू दे."

२ फेब्रुवारी

बाबांच्या लॉरीतून आले. खोली लहान आहे, खिडकी रस्त्याकडे आहे. आज कारखान्यात पहिला दिवस. दिवसभर घंट्या ऐकल्या. तपासणी विभागात दोन दारांची शांत खोली आहे. मी साहेबांना विचारलं, "ही घंटा जिथे लागणार तिथला गोंगाट कसा असतो, हे आपण तपासतो का?" त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "उद्या लिहून द्या." काही चुकीचं बोलले असेन का? आता झोप लागायची नाही.

१० फेब्रुवारी

आईचा फोन. "पिल्लं मोठी झाली, पिसं फुटली. दिवे काढले. मी आता घरातच झोपते, अगदी पाय पसरून." ऐकून बरं वाटलं. तिच्या मागे पिल्लांचा आवाज मात्र फार जवळून येत होता. फोनला बारीक आवाज जास्त पकडता येतात, त्यामुळे असेल.

१७ फेब्रुवारी

आज मावशीने फोन केला. तिच्या फोनवरून ती कधी करत नाही. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "ते तुझं लाल बटण गं. तुझी आई रोज संध्याकाळी दाबते."

"रोज? का? आता गरज नाही त्याची. पिल्लं मोठी झाली."

"तेच तर. आधी पिल्लं धावत यायची, आता वळूनही बघत नाहीत, दाणे टिपत राहतात. पण ही आपली खाटेवर बसते, दाबते, ऐकते, बंद करते. मी म्हटलं, काय गं हे? तर म्हणते, बिघडलंय का ते बघते, तिने सांगितलंय."

मी आठवड्यातून एकदाच सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. रोज वाजवलं तर बॅटरी महिनाभरही टिकायची नाही.

लगेच आईला फोन लावला, हेच सांगायला. तिने उचलला आणि म्हणाली, "बोल बाळ." मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, जेवले. मी विचारलं, अलार्म ठीक आहे ना. "एकदम ठीक," ती म्हणाली, "छान बोलतो."

बॅटरीचं काही बोलले नाही. उद्या कारखान्यातून सुटल्यावर दुकानात जायचं आहे. बाबा शनिवारी इकडून जाणार आहेत, त्यांच्याबरोबर नव्या बॅटऱ्या पाठवते. पुष्कळ पाठवते.